पापलेटाचा दिवस

अहो, ऐकताय ना?

आज बाजार जोरात पडला, आणि आपल्या घरातून कोणी पिशवी घेऊन पापलेट आणायला धावलं नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्ही असतात तर बाजार बंद व्हायचीही वाट बघितली नसतीत. "हेमा, सेल लागलाय सेल!" असं ओरडत चपला शोधत फिरला असतात. शेअरवाले लोक कपाळाला हात लावून बसायचे आणि माझा नवरा हसत हसत मासळी बाजारात! शेजारच्या वहिनींना दर वेळी वाटायचं, तुम्हाला कंपनीत बोनस मिळाला.

पण खरं कारण ते नाही. खरं कारण आपली मनू आहे.

सकाळची पाळी करून लॅबमधून आली, दारातच मोबाइल उघडला आणि म्हणाली, "आई, सगळं लाल आहे गं आज!" आणि हसली. अगदी तुमच्यासारखी, खांदे हलवत. हसता हसता खोकला आला आणि थांबेचना. भिंतीला हात टेकून उभी राहिली पोर. बरेच दिवस झाले, हे असंच चाललंय. मी म्हटलं, उद्या पालघरला जाऊ, छातीचा फोटो काढून घेऊ. तर काय म्हणाली असेल?

"थांबू की गं. काय घाई आहे?"

अहो, तुमचा शब्द! तो 'की'सुद्धा तुमचाच. बोईसरात जन्मलेली, इथेच वाढलेली मुलगी. तुमच्या साताऱ्याकडच्या गावी सुट्टीपुरती गेली असेल तेवढीच. तिच्या तोंडात हा 'की' आला कुठून? माझ्या हातातला पाण्याचा पेला हातातच राहिला. ती आत जाऊन आडवी झाली आणि मी इथे खिडकीशी बसले. दुसऱ्या कोणाला विचारू? तुमचं सोनंनाणं, तुमचे शेअर, सगळं तिला मिळायचंच होतं. पण हा शब्द कशाला देऊन गेलात तिला?

मी लग्न होऊन चिंचणीहून बोईसरला, सालवडच्या या खोल्यांत आले, तेव्हा तुम्ही असे नव्हतात. आठवतंय का? थांबणं ठाऊकच नव्हतं तुम्हाला! कंपनीतली पाळी सुटली की सायकल घरी यायच्याऐवजी थेट बोईसर स्टेशनजवळच्या त्या दलालाच्या ऑफिसात. अंगाला केमिकलचा वास, डोळे भिंतीवरच्या टीव्हीकडे. जी कंपनी सगळ्यात जास्त आपटली असेल ती उचलायची, एवढंच तुमचं शास्त्र. आमच्या मासळी बाजारात शेवटाला उरलेला वाटा असतो ना, डोळे पांढरे पडलेला, कोणी हात न लावलेला, तसले शेअर गोळा करायचात. आणि दुप्पट झाले की लगेच विकून मोकळे. मग रात्री जेवताना मिशीतल्या मिशीत हसणं!

माझी आई तेव्हा होती. चिंचणीच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवून विकणारी बाई, पण तुमचं नि तिचं कसं जमलं ते देव जाणे. बोटी भरून आल्या की बोंबलाला कुत्रं विचारायचं नाही, तेव्हा आई घ्यायची. वाळूवर बांबू रोवून सुकवायची आणि पावसाळ्यात दर्या बंद झाला की विकायची. तुम्ही तिच्या शेजारी उकिडवे बसून बघत राहायचात. "अहो आई, मीही हेच करतो की!" म्हणालात एकदा, आणि ती काय खूश झाली! म्हणाली, "जावईबापू, तुमचा नि माजा धंदा एकच हाय. पन एक ध्यानात ठेवा. सुका माल थांबतो, ताजा नाय थांबत."

हे तुम्ही कंपनीत सगळ्यांना सांगत सुटलात, माझी सासू म्हणजे मोठी गुंतवणूकदार म्हणून. पण सांगताना नेहमी अर्धंच सांगायचात, सुका माल थांबतो एवढंच. पुढचं अर्धं तुम्ही ऐकलंत तरी होतंत का?

मग तो टँकर झाला. आता लिहिताना हसू येतंय बघा, आणि तेव्हा दोन दिवस घरात चूल पेटली नव्हती.

तुमचा एक नियम होता. कागदावर काही लिहिलेलं असो, आपण कंपनीच्या गेटवर उभं राहायचं. पाळी सुटताना किती माणसं बाहेर येतात, चिमणी धूर सोडते का, कोणता वास येतो, सगळं बघायचं. त्या एका कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर तुम्ही कितीतरी चहा प्यायलात. बाहेर टँकरची ही रांग! आणि शेअर मात्र मातीमोल. तुम्ही घरी आलात ते नाचतच. "हेमा, माल धडाधड बाहेर जातोय आणि मुंबईतल्या लोकांना पत्ताच नाही!" घेतलेत. पडला. अजून स्वस्त झाला म्हणून अजून घेतलेत. तेव्हाही पापलेट आणलं होतंत, मी विसरले नाही.

शेवटी टपरीवर एका टँकरवाल्याला विचारलंत, रोज किती खेपा होतात म्हणून. तो म्हणाला, "कौन सा माल, भैया? अंदर का गंदा पानी उठा रहे हैं. कंपनी तो कब की बंद है."

सायकल हातात धरून चालत घरी आलात त्या दिवशी. मी विचारलं, पंक्चर झाली का? तर "नाही, टँकर," एवढंच बोललात. तो शेअर शेवटपर्यंत विकला नाहीत, विकून मिळणार तरी काय होतं म्हणा. "राहू दे खात्यात, शिकवणीची फी भरलीय मी," म्हणायचात. आणि तेव्हापासून आपल्या घरात टँकर हा शब्दच झाला. वरून छान आणि आत बोंब असलं काही दिसलं की मनू म्हणायची, "बाबा, हा टँकर आहे हं!" तिच्या पहिल्या स्थळालासुद्धा तिनं टँकर ठरवून परत पाठवलं, आणि तुम्ही बापलेक स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून हसत होतात.

त्यानंतर मात्र तुम्ही बदललात. पडलेलं उचलणं बंद. गेटवर जाणं चालू होतं, पण आता चिमणी बघत नव्हतात. कामगारांना पगार वेळेवर मिळतो का, मालक कंपनीचा पैसा घरी नेतो का, हे विचारत बसायचात. जाडजूड अहवाल आणून गॅलरीत वाचायचात, चष्म्याची काडी चावत. चांगली कंपनी हवी, मग चार पैसे जास्त गेले तरी चालतील, असं तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी मनूला म्हटलं, बापाला ताप तर नाही ना?

पण जुनी खोड एक राहिली होती, दुप्पट झालं की विकायची. एक चांगली कंपनी तुम्ही अशीच विकलीत आणि ती मग वर वर वर गेली. काय ते हाल तुमचे! तिचं नाव घरात काढायची सोय नव्हती. त्या कंपनीच्या मालाचा डबा मी दुकानातून आणला तर तुम्ही तो उलटा करून ठेवायचात. त्या दुःखात तुम्ही कानाला खडा लावलात. आता विकायचं नाही. "विकणं हाच आजार आहे, हेमा. घ्यायचं आणि थांबायचं."

आणि तिथून सुरू झालं हे थांबू की.

शेअर कमी कमी होत गेले, मोजकेच उरले. मोबाइल आला तरी तुम्ही तो दिवस दिवस उघडत नव्हतात. पैसा साठला की बँकेत नुसता पडून, बाजार पडेपर्यंत. दलालाला भाव सांगून ठेवायचा आणि स्वस्थ बसायचं, चार आण्यांनी हुकला तरी आपला भाव वाढवायचा नाही. शेअरच्या बाबतीत तुमचं बरोबरच होतं, मी कधी नाही म्हटलंय? त्याच थांबण्यातून मनूचं शिक्षण झालं. पण माणूस एक गोष्ट शिकला म्हणून ती सगळीकडे लावायची का हो?

फ्रीज हवा म्हटलं, थांबू की, दिवाळीला भाव उतरतील. चिंचणीला आईच्या गल्लीत एक लहानसं घर विकायला होतं. मागे सुरूची झाडं, खिडकी उघडली की नुसता दर्याचा वारा. मी किती मागे लागले! सालवडला रात्री कंपन्यांचा वास सुटला की आपण खिडक्या लावून झोपायचो, ओल्या फडक्यानं फटी बुजवून. तुम्ही घर बघितलंत, भिंतीवर टकटक केलीत, मालकाशी चहा प्यायलात आणि येताना म्हणालात, "महाग सांगतोय. थांबू की. खाली येईल." घरं कधी खाली येतात का? ते दुसऱ्यानं घेतलं, आणि आज त्याच्या ओट्यावर त्याची नातवंडं खेळतात. मी आईकडच्या गल्लीत गेले की मान वळवून पुढे जाते.

पण घराचंही जाऊ दे. घरासाठी मी तुम्हाला इतकं बोलले नसते.

तुमचा खोकला सुरू झाला तेव्हाही तुम्ही हेच केलंत. आधी हवा बदलली म्हणालात. मग कंपनीत शटडाउनचं काम आहे म्हणालात. जिना चढून आलात की दारात उभं राहून उगाच किल्ल्या शोधायचात, मला धाप दिसू नये म्हणून. मला दिसत नव्हती होय? आणि तो नळ! खोकल्याची उबळ आली की न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडायचात. पाणी येणार तासभर आणि हा माणूस वाहू देतोय! मी बाहेरून ओरडायचे, "अहो, बादली कधीच भरली, बंद करा!" मला आधी खरंच वाटलं की तुम्हाला विसर पडतोय. आणि एक दिवस नळाचं पाणी मध्येच गेलं. आवाज बंद झाला आणि आतला तुमचा खोकला मला पहिल्यांदा पुरता ऐकू आला.

मी भांडले. रडले. मनूला मध्ये घातलं. बोईसरच्या डॉक्टरांनीसुद्धा चिठ्ठी दिली, पालघरला जाऊन तपासून घ्या म्हणून. तुम्ही ती चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचलीत आणि मला समजावत बसलात, जणू मी शेअर विकायला निघालेली कोणी घाबरट बाई! "अगं, तब्येतही खालीवर होते. आता खाली गेलीय, येईल वर. माल चांगला आहे." असं म्हणून छातीवर थाप मारलीत. कसला चांगला! अख्खा टँकर झाला होता तुमचा. तुम्ही जगाच्या गेटवर उभे राहिलात, फक्त स्वतःच्या गेटवर कधी गेला नाहीत.

शेवटी पालघरला नेलं ते तुम्हाला उभं राहवेना तेव्हा. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि तुम्हाला नाही, मला विचारलं, "आधी का नाही आणलं?" मी काय सांगू त्यांना? की आमचे हे भाव वर यायची वाट बघत होते? तुम्ही दवाखान्याच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसला होतात. तेव्हा तरी एकदा म्हणायचंत, हेमा चुकलं. नाही म्हणालात. मला त्याचा अजून राग आहे.

अन् मग तुम्ही शेवटचे बदललात.

घरी पलंगावर होतात. नाकात नळी. त्या दिवशीही बाजार असाच पडला होता, दुपारच्या बातम्यांत ओरडत होते. मला इतका आनंद झाला, वाटलं हा माणूस आता हसेल. मी पदर खोचून विचारलं, "आणू का पापलेट?"

तुम्ही डोळे मिटलेत. म्हणालात, "बंद कर तो टीव्ही. पडल्यावर हसायला पुढची वर्षं लागतात, हेमा. माझ्याकडं आता ती न्हाईत."

तोपर्यंत डॉक्टर काहीबाही बोलले होते, पण मला खरं त्या वाक्यानं कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरत बसले, कशालाही नको असताना.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विकायला लागलात. विकणं हा आजार म्हणणारे तुम्ही! मनूला उशाशी बसवून एकेक कंपनीचं नाव सांगायचात. ती विचारायची, "बाबा, भाव काय लावू?" आणि तुम्ही म्हणायचात, "जो मिळेल त्याला काढ." अहो, चार आण्यांसाठी महिना महिना बसणारा माणूस! मनू तिसऱ्यांदा तसं ऐकून बाहेर आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सगळं विकून माझ्या नावावर बँकेत ठेवलंत, दर महिन्याला मला व्याज मिळावं म्हणून. "तुला आता वाट बघायला लावत नाही," म्हणालात. आयुष्यभर वाट बघायला लावून शेवटी ही घाई! दोन कंपन्या तेवढ्या मनूसाठी ठेवल्यात. आणि तो टँकर आहेच, तो कोण घेणार?

तर आज हे असं. त्या दोन कंपन्याही आज लाल आहेत, आणि मनूला त्याचं काही वाटत नाही. ती तुमच्यासारखीच थांबेल, आणि मला खात्री आहे, त्या येतील वर. शेअरचं तुम्ही तिला नीट शिकवलंत. मला भीती वाटते ती आईच्या त्या वाक्यातल्या दुसऱ्या अर्ध्याची, जे तुम्ही कधी सांगितलंच नाहीत.

इथवर लिहून मी उठले होते. बाजारात जाऊन आले. आपल्या त्या नेहमीच्या मावशींकडे पापलेट मागितलं तर त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "काय गो, तुजा घरवाला गेल्यापासून पयल्यांदा आलीस. आज काय हाय?"

मी म्हटलं, "बाजार पडला, मावशी."

"खय पडला? कोन बोलला तुला? आज तर म्हावरा आगीच्या भावात हाय!"

मी हसले हो. भर बाजारात हसले आणि डोळ्यांतून पाणी. मावशींनी पिशवीत एक बांगडा वरून टाकला.

घरी आले तर मनू उठून बसली होती. मी सरळ सांगितलं, उद्या पालघर. म्हणाली, "आई, लॅबमध्ये ऑडिट आहे. ते झालं की जाऊ. मला काही झालेलं नाही."

"तुझ्या बाबांनाही काही झालेलं नव्हतं."

"मी बाबा नाही, आई."

"मग त्यांचा शब्द कशाला वापरतेस?"

ती मान खाली घालून आत गेली. मी पापलेटाला मीठ-हळद लावून फ्रीजमध्ये ठेवलं आणि पुन्हा हे पत्र पुढे ओढलं. आज तळणार नाही. उद्या पालघरहून आलो की तळीन. फोटो कसाही येवो, चांगला येवो नाहीतर वाईट, उद्याच तळीन, परवावर टाकणार नाही. आई म्हणाली होती ते मी मनूला सांगेन, पूर्ण सांगेन, दोन्ही अर्धी.

तुमच्या त्या दोन कंपन्यांना मी हात लावत नाही. त्या पडोत, चढोत, तुम्ही म्हणालात तशा राहू देत. पण आपली मुलगी माझी आहे. तिला मी थांबू देणार नाही, ओढत न्यावं लागलं तरी. तिच्या साहेबाच्या पाया पडेन, लॅबच्या गेटवर जाऊन उभी राहीन, तुमच्यासारखी. हा माझा तुम्हाला शब्द.

आता पुरे करते. न्हाणीघरात मघापासून नळ पूर्ण सोडलेला आहे, आणि बादली कधीच भरली असेल.

तुमची,
चिंचणीवाली